रहस्यकथाकारानं गावात मिसळावं का? (कर्कॉडीच्या निमित्तानं)

फाइफकर

फुटबॉल क्लबच्या जर्सीवर बँकेचं नाव असतं, बिअरचं असतं, गाड्यांच्या शोरूमचं असतं. स्कॉटलंडमधल्या आमच्या कर्कॉडीच्या रेथ रोव्हर्स क्लबच्या जर्सीवर २०१४ मध्ये खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका बाईच्या वेबसाइटचा पत्ता होता. वॅल मॅकडर्मिड. जन्म इथलाच, १९५५ चा. वडील या क्लबसाठी होतकरू पोरं हेरायचे. पुढं स्कॉटलंडकडून खेळलेला जिम बॅक्स्टर त्यांनीच हेरला. मैदानातल्या एका स्टँडला मॅकडर्मिड हे नाव दिलं गेलं.

कर्कॉडी म्हणजे एडिनबर्गहून खाडीपलीकडचं गाव. एकेकाळी लिनोलियमच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध, अ‍ॅडम स्मिथचं जन्मगाव, आता बरंचसं ओसरलेलं. इथून ऑक्सफर्डला गेलेली, पत्रकारिता केलेली आणि जगभर खपणारी बाई दर शनिवारी निकाल काय लागला याची चौकशी करायची, याचं इथल्या लोकांना फार अप्रूप नव्हतं. ती त्यांच्यातलीच.

बाईंचे उद्योग क्लबपुरते नाहीत. २०१८ च्या जानेवारीत एडिनबर्ग शहरानं तिच्याकडून एक कथा लिहून घेतली आणि ती शहरातल्या इमारतींच्या भिंतींवर प्रकाशझोतानं उमटवली. १ तारखेपासून २५ पर्यंत, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या रात्रीपर्यंत (बर्न्स नाइट), लोक कुडकुडत एका इमारतीकडून दुसरीकडं कथेचा पुढचा तुकडा वाचत फिरत होते. कथेत मध्यवर्ती कोण, तर सुझन फेरियर ही लोकांच्या विस्मरणात गेलेली एडिनबर्गची जुनी कादंबरीकार. इंग्लंडात हॅरोगेटला दर जुलैत गुन्हेकथांचा महोत्सव भरतो, त्याच्या संस्थापकांतही ही आहे. तिथं नवोदित लेखकांना निवडून मंचावर बसवायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं.

याला नुसती जाहिरात म्हणून मोडीत काढू नये, एवढंच माझं म्हणणं. जाहिरातवाला आपल्या सोयीनं येतो नि माल खपला की जातो. इथं बाईनं आपलं नाव गावाच्या हवाली केलंय, आणि गाव त्या नावाचं काय करतं याची झळ तिला बसते. २०२२ मध्ये चांगलीच बसली. मूळ लेख लांबेल म्हणून थांबतो, कुणी विचारलं तर लिहीन.

आपल्याकडं रहस्यकथाकार गावच्या कार्यक्रमात असा कुठं दिसतो का? दिसत नसेल तर का?

गूळपोळी

रुमाल टाकून ठेवते. आमच्या गणपती मंडळाच्या कमानीवर 'सौजन्य' खाली बिल्डर असतो, सराफ असतो, भावी नगरसेवक तर असतोच असतो. कादंबरीकार पाहिल्याचं आठवत नाही बुवा. २०२२ ला काय झालं? विचारलंय, आता लिहा.

कात्रजचा_घाट

लेख आवडला पण भाबडा वाटला. जर्सीवर वेबसाइटचा पत्ता छापला याला जाहिरात नाही तर काय म्हणायचं? तिकडं पुस्तक लिहिणं हा धंदा आहे आणि धंद्यात गुडविल लागतं. महोत्सव, सह्या, फोटो, सगळं प्रकाशकाच्या वेळापत्रकात बसवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला गावप्रेमाची झालर लावू नका.

फाइफकर

घाटसाहेब, म्हणूनच २०२२ चं सांगतो.

त्या वर्षी क्लबनं एक स्ट्रायकर विकत घेतला. त्यानं बलात्कार केल्याचा निकाल २०१७ मध्ये दिवाणी न्यायालयानं दिला होता. फौजदारी खटला कधी चाललाच नाही. क्लबचा पवित्रा असा, की आम्ही फक्त खेळ बघतो. बाईंनी लगेच जाहीर केलं की प्रायोजकत्व बंद, पुढच्या जर्सीवर माझं नाव नको, आयुष्यभराचा पाठिंबाही संपला. महिला संघाच्या कर्णधारानं क्लब सोडला. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन याच गावात वाढलेले, याच क्लबचे चाहते, तेही बोलले. काही दिवसांत क्लबनं माफी मागितली आणि हा खेळाडू आमच्याकडून खेळणार नाही असं सांगितलं. तोवर महिला संघ मात्र वेगळा झाला होता, आणि त्यांनी नाव घेतलं मॅकडर्मिड लेडीज.

आता जाहिरातीच्या हिशेबानं बघा. खप वाढवायचा असता तर गप्प बसणं सोयीचं होतं. गावातले निम्मे पुरुष क्लबवेडे. त्यांच्याशी वाकडं घेऊन चार पुस्तकं जास्त खपत नाहीत. शिवाय ही बाई तीसेक वर्षं बायकांवरच्या हिंसेबद्दलच लिहीत आली आहे. जर्सीवर नाव तसंच राहिलं असतं तर त्या लिखाणाला काय अर्थ उरला असता?

कात्रजचा_घाट

हे माहीत नव्हतं. प्रायोजक पाय काढून घेतात हे काही नवं नाही, पण संघानंच प्रायोजकाचं नाव लावलं हे मात्र दमदार आहे. तरी माझा मूळ मुद्दा उभा आहे: हे सगळं परवडतं कुणाला? लाखांनी प्रती खपणाऱ्याला.

डॉ_चिमटा

धाग्यात डंडी (स्कॉटलंडमधलंच शहर) आलं नाही म्हणून लिहितेय. मी अ‍ॅनाटॉमीवाली, त्यामुळं माझ्या दृष्टीनं या बाईंचं सगळ्यात मोठं समाजकार्य शवागार हे आहे. हसू नका.

डंडी विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला नवं शवागार बांधायचं होतं. कारण होतं थिएल पद्धत. नेहमी आपण मृतदेह फॉर्मॅलिनमध्ये जतन करतो. तो लाकडासारखा ताठरतो, रंग बदलतो. सांधा वाकत नाही, त्यामुळं शस्त्रक्रियेचा सराव त्यावर नीट होत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थिएल यांनी क्षारांचं एक मिश्रण बसवलं, ज्यात देह मऊ नि लवचिक राहतो. पण त्यासाठी देह बरेच महिने टाक्यांत बुडवून ठेवावे लागतात, म्हणजे जागा, टाक्या, पैसा. तिथल्या प्राध्यापक स्यू ब्लॅक आणि मॅकडर्मिड यांची जुनी मैत्री; कादंबरीत प्रेताचं काय होईल हे विचारायला बाई त्यांनाच फोन करायच्या. त्यातून 'मिलियन फॉर अ मॉर्ग' ही मोहीम निघाली. दहा गुन्हेकथाकारांनी नावं दिली: ली चाइल्ड, कॅथी राइक्स, जेफ्री डीव्हर वगैरे मंडळी. वाचकांनी देणगी देऊन आवडत्या लेखकाला मत द्यायचं, जिंकेल त्याचं नाव शवागाराला. मॅकडर्मिड जिंकल्या. २०१४ पासून तिथं वॅल मॅकडर्मिड शवागार आहे. निधीसाठी या खुनी मंडळींनी मिळून पाककृतींचं पुस्तकसुद्धा काढलं!

याला मी जाहिरात म्हणणार नाही. आयुष्यभर ज्या शास्त्राच्या जिवावर कथानकं रचली त्याची ही परतफेड आहे. आपल्याकडं मुंबई अ‍ॅनाटॉमी कायदा १९४९ चा. देहदानाचे अर्ज लोक भरतात, पण मृत्यूनंतर घरचे कचरतात आणि विभागाला देह मिळत नाही. देहदानाच्या कार्यक्रमांना आम्ही कीर्तनकार बोलावतो, डॉक्टर बोलावतो. रहस्यकथाकार बोलावायचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नाही. प्रेताची भीती घालवायला याहून योग्य माणूस कोण?

पानवाला

आपल्याकडं लेखकाचं नाव चौकाला मिळतं, तेही तो गेल्यावर. इथं जिवंतपणी शवागाराला! मानलं.

शेवंती

घाटसाहेबांचा 'लाखांनी खपणाऱ्यालाच परवडतं' हा मुद्दा घेते. अगाथाबाईंइतकं (अगाथा ख्रिस्ती) कुणी खपलं नाही, आणि भाषणाचा त्यांच्याइतका तिटकाराही कुणाला नसेल. डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं ते 'भाषण करणार नाही' या अटीवर. म्हणून जोडीला एक सहअध्यक्ष नेमावा लागला. तरी गावाशी त्यांचं नातं होतंच. ऑक्सफर्डजवळच्या वॉलिंगफर्डला त्यांचं घर होतं, आणि तिथल्या सिनोडन प्लेयर्स या हौशी नाट्यसंस्थेच्या त्या १९५१ पासून १९७६ मध्ये जाईपर्यंत अध्यक्ष होत्या. लंडनमध्ये त्यांचं 'माउसट्रॅप' नाटक १९५२ पासून चाललंय आणि बाई गावातल्या हौशी मंडळींच्या पाठीशी उभ्या, कल्पना करा.

त्याहून मजेदार गोष्ट डेव्हनमधली. चर्स्टन फेरर्सच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवायची होती. पैसे उभे करायला १९५४ मध्ये बाईंनी पॉयरो या आपल्या गुप्तहेराची एक कथा लिहिली. ती निघाली अडनिडी, लघुकथेला लांब आणि कादंबरीला आखूड, मासिकांना घेववेना. मग बाईंनी ती फुगवून १९५६ मध्ये 'डेड मॅन्स फॉली' कादंबरी केली आणि चर्चला बदल्यात मिस मार्पल या आपल्या दुसऱ्या गुप्तहेराची एक छोटी गोष्ट दिली. खिडकी झाली.

आता गंमत. या कादंबरीत अ‍ॅरिअ‍ॅडनी ऑलिव्हर नावाची रहस्यकथाकार आहे, जी म्हणजे जवळजवळ अगाथाबाईच. तिला गावजत्रेत खेळ बसवायला बोलावलेलं असतं: लोकांनी सुगावे शोधायचे, लटका मृतदेह शोधायचा, खुनी ओळखायचा. आणि मृतदेह झालेली मुलगी खरीच मेलेली सापडते. (हे मलपृष्ठावरच असतं, स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) म्हणजे 'रहस्यकथाकार गावच्या कार्यक्रमात' हा आपला विषय बाईंनी सत्तर वर्षांपूर्वी कादंबरीत घालून झालाय, तोही गावच्या चर्चसाठी पैसे जमवता जमवता.

गूळपोळी

शेवंतीताई, वाचनखूण साठवली. आणि भाषणाचा मुद्दा फार पटला. आपल्याकडं लेखक बोलावला म्हणजे शाल, श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, प्रास्ताविक, प्रास्ताविकाचे आभार. ऐकणारा खुर्चीत आणि बोलणारा माइकवर. रहस्यकथेचा वाचक मुळात खुर्चीत गप्प बसणाऱ्यातला नव्हे, दहाव्या पानापासून तो खुनी शोधत असतो. त्याला तासभर 'माझा लेखनप्रवास' ऐकवणं म्हणजे अन्याय आहे.

बोरुबहाद्दर

दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहितो, टोपणनावानं, त्यामुळं ओळख विचारू नये.

आपल्याकडं हे का होत नाही याचं उत्तर मला तरी प्रतिष्ठेत दिसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचवले. निम्म्या महाराष्ट्राला वाचायची गोडी त्यांनी लावली हे सगळे मान्य करतात, पण भाषणात, आणि तेही 'लहानपणी आम्ही चोरून वाचायचो' या सुरात. सुहास शिरवळकरांना वाचनालयात रांगा होत्या, मंचावर किती वेळा खुर्ची मिळाली? पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. तिथं राजकारण, अर्थकारण, अध्यात्म, इतिहास सगळं होतं. रहस्यकथाकाराला बोलवायचं म्हटलं की आयोजक म्हणतो, बघू, पुढच्या वर्षी बालविभागात घेऊ.

पैशाचं म्हणाल तर घाटसाहेब बरोबर आहेत. दिवाळी अंकाचं मानधन मिळतं तेव्हा होळी आलेली असते. जर्सीवर नाव सोडा, जर्सी विकत घेणं परवडत नाही. पण पैसे न लागणारी गोष्टही तिकडं चालते: पात्राच्या नावाचा लिलाव. धर्मादाय कार्यक्रमात बोली लावायची, जिंकणाऱ्याचं नाव पुढच्या कादंबरीत. इयन रँकिन हा स्कॉटिश रहस्यकथाकार हे नेहमी करतो. एकदा बोली जिंकणाऱ्यानं नाव दिलं पीकॉक जॉन्सन. रँकिननं त्याच्याशी ईमेलवर गप्पा मारल्या, माणूस आवडला, २००३ च्या 'अ क्वेश्चन ऑफ ब्लड' मध्ये त्याला गुंड म्हणून घातला. मागाहून कळलं की असा माणूसच अस्तित्वात नाही, बेल अँड सबॅस्टियन बँडमध्ये पूर्वी असलेल्या स्टुअर्ट डेव्हिडनं ते सोंग रचलेलं. रहस्यकथाकाराला वाचकानं गंडवलं.

आमच्याकडं असा लिलाव केला तर मला एक भीती आहे. प्रत्येकाला इन्स्पेक्टर व्हायचं असेल, प्रेत व्हायला कुणी तयार होणार नाही.

पानवाला

साडूचं नाव देऊन प्रेत करायला मी कितीही बोली लावतो.

वाचनालयवाले_अण्णा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी ब वर्ग वाचनालय चालवतो. धागा वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडं वर्धापनदिनाला दरवर्षी व्याख्यान असतं. मागच्या खेपेला वक्त्यांपेक्षा सत्कारमूर्ती जास्त होते. सभासद बहुतेक निवृत्त. कॉलेजची मुलं अभ्यासिकेत येतात, पुस्तकाच्या कपाटाकडं बघत नाहीत. अनुदान किती आणि कधी येतं ते या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. रहस्यकथांचं कपाट मात्र आजही सगळ्यात जास्त फिरतं. तेव्हा हा जत्रेतल्या खेळासारखा प्रकार वाचनालयात करता येईल का? कसा करतात?

फाइफकर

अण्णा, धाग्याचं सार्थक झालं. नक्की करता येईल, आणि याचा तयार नमुना आहे. अ‍ॅन क्लीव्हज म्हणून लेखिका आहे, शेटलंड बेटांवरच्या आणि नॉर्थंबरलंडमधल्या तिच्या कादंबऱ्यांवर टीव्ही मालिका झाल्या. स्वतः एकेकाळी वाचनालयांसाठी काम केलेली. तिनं वाचनालयांना सादर करता याव्यात म्हणून मर्डर मिस्टरीच्या छोट्या संहिता लिहून दिल्या. ईशान्य इंग्लंडमध्ये वाचनातून लोकांना बरं वाटावं म्हणून एक उपक्रमही तिनं सुरू केला. त्यात नेमलेले कार्यकर्ते एकट्या, आजारी, खचलेल्या माणसांपर्यंत पुस्तकं घेऊन जातात. २०२२ मध्ये तिला ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला तो वाचन आणि ग्रंथालयांच्या सेवेसाठी.

पद्धत साधी आहे. चार-पाच संशयित, सगळे गावचेच लोक. प्रत्येकाचा पानभर जबाब. ते पाळीपाळीनं उभं राहून वाचायचे. मग पाच-सहा जणांचे गट टेबलांवर बसतात, संशयित टेबलांमधून फिरतात, गट त्यांना प्रश्न विचारतात. संशयितानं खोटं बोललं तर चालतं, पण कागदावर जे पक्कं दिलंय त्याच्या विरुद्ध नाही. शेवटी प्रत्येक गटानं चिठ्ठीवर खुनी, हेतू आणि पुरावा लिहून द्यायचा. मग उलगडा. दीड-दोन तासांत आटोपतं. पाठांतर नाही, नेपथ्य नाही.

स्टर्लिंगला ब्लडी स्कॉटलंड नावाचा महोत्सव २०१२ पासून भरतो. तिथं लेखक एका छोट्याशा पबमध्ये गाणी म्हणतात, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड असा लेखकांचा फुटबॉल सामना होतो. खेळ यथातथाच, पण लोक रेषेवर उभं राहून आवडत्या लेखकाला शिव्या घालतात आणि संध्याकाळी त्याच्याच पुस्तकावर सही घेतात.

शेवंती

अ‍ॅन क्लीव्हजवरून आठवलं (अवांतर आहे). २०२३ च्या डिसेंबरात शेटलंडमध्ये बर्फाचं वादळ चालू असताना लर्विकला तिचा लॅपटॉप हरवला, आणि त्यात अर्धी कादंबरी होती. तिनं बक्षीस जाहीर केलं, बेटावरचे लोक शोधायला लागले. सापडला, पण गाडीखाली चिरडलेला. सांगायचं काय, की वर्षानुवर्षं ज्या बेटावर ती कागदोपत्री माणसं मारत आली तिथलेच लोक बर्फात तिची वस्तू शोधत होते.

कात्रजचा_घाट

अण्णांचा बेत आवडला. विरोधी पक्षाचं काम मी चालूच ठेवतो: खून कुणाचा करायचा? तालुक्याच्या गावात कुठलंही पात्र घेतलं तरी कुणीतरी म्हणणार, हा टोमणा मला आहे. सरपंच घेतला तर राजकारण, सावकार घेतला तर जात, मुख्याध्यापक घेतला तर शिक्षकांचा मोर्चा.

वाचनालयवाले_अण्णा

आमच्या वाचनालयाच्या सचिवांचा करू. ते स्वतः तयार आहेत, विचारलं मी. म्हणाले, गेली कित्येक वर्षं कार्यकारिणीची बैठक झाली की माझा होतोच, यंदा लोकांसमोर होऊ दे.

बोरुबहाद्दर

अण्णा, संहिता मी लिहून देतो. मानधन नको, पण दोन अटी. माझा सत्कार करायचा नाही, आणि उलगडा होईपर्यंत मला कोपऱ्यात बसू द्यायचं. लोक कुठल्या सुगाव्याला फसतात हे लेखकाला एरवी कधीच बघायला मिळत नाही, कथा छापून येते आणि पुढं शांतता. खरं सांगायचं तर मला यात त्याचाच लोभ आहे.

कथानकाचा सांगाडा: वर्धापनदिनाच्या आदल्या संध्याकाळी सचिव देवघेव कक्षात मेलेले सापडतात. समोर देवघेव रजिस्टर उघडं, त्यातलं एक पान फाडलेलं. संशयित: ग्रंथपाल, अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षावाला, पुस्तकं कधीच परत न करणाऱ्या एक ज्येष्ठ सभासद आणि रद्दीवाला. सुगावे खरोखरच्या कपाटांतल्या पुस्तकांत ठेवायचे, म्हणजे ते शोधायला अभ्यासिकेतल्या मुलांना कपाटं उघडावी लागतील.

गूळपोळी

पुस्तकं परत न करणाऱ्या ज्येष्ठ सभासदाची भूमिका मला द्या, अभिनय करावा लागणार नाही.

डॉ_चिमटा

बोरुबहाद्दर, मृत्यू कशानं झाला ते ठरवण्याआधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रहस्यकथेत डोक्यात पुस्तक घालून माणूस जागीच मरतो तेव्हा आमच्या विभागात हशा पिकतो. आणि अण्णा, कार्यक्रमानंतर दहा मिनिटं दिलीत तर देहदानाचे अर्ज घेऊन मी येते. सचिव तोवर आडवेच असतील, प्रात्यक्षिक तिथंच करू.

वाचनालयवाले_अण्णा

डॉक्टरताई, अवश्य या. एसटी स्टँडवर उतरून फोन करा, मुलगा घ्यायला येईल. बोरुबहाद्दर, संहिता दिवाळीआधी मिळाली तर बरं, आमचा वर्धापनदिन डिसेंबरात असतो. शेवंतीताईंच्या कादंबरीवरून एवढं ठरवलंय की सचिवांना खोलीत एकटं सोडायचं नाही, शिपाई दाराशी बसवणार आहे.

कात्रजचा_घाट

शिपायालाही संशयितांत घ्या. त्याच्याकडं सगळ्या किल्ल्या असतात.